खंड नऊ

“पास गळ्यात अडकव, आक्का. पदराच्या गाठीत बांधलास तर पोलीस दारातच अडवतील.”

“आन् हरवला म्हंजे? तू देणार हायेस का दुसरा?” असं म्हणून आक्कानं तो गाठीतच बांधला.

नागपूरच्या विधानभवनाबाहेर आम्ही उभे होतो. डिसेंबरातली सकाळ, कोवळं ऊन. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण कलावती, सावरखिंडीची सरपंच. तिच्यासोबत गावातल्या आणखी तिघी होत्या, त्यांतली हौसाबाई तर तालुक्याच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती. दीड दिवस एस.टी. आणि रेल्वे करून त्या आल्या होत्या. अधिवेशनाच्या दिवसांत लोक नागपूरला येतात ते बदलीच्या कामाला, नाहीतर संत्री खायला. या चौघी एक वाक्य ऐकायला आल्या होत्या. “मी माझी सुधारणा मांडतो,” एवढंच ते वाक्य, आणि ते आमदार नाना खताळांनी आपल्या जागेवर उभं राहून म्हणायचं होतं.

मी नानांचा स्वीय सहायक. त्या वेळी मला त्यांच्याकडे चौदा वर्षं झाली होती, आणि त्याआधी चार वर्षं मी त्यांच्या शाळेत होतो. नाना मूळचे हेडमास्तर. त्यांनी मला आधी शुद्धलेखन शिकवलं, मग नोकरी दिली. अपक्ष निवडून आलेला, नियमांचं पुस्तक खरोखर वाचणारा आमदार म्हणून त्यांची ख्याती होती. जी टिपणं बघून इतर आमदारांना झोप येते ती नाना तांबड्या पेन्सिलीनं तपासायचे.

त्या अधिवेशनात सरकारनं डेटा सेंटरचं विधेयक आणलं होतं. आपण मोबाइलवर जे जे बघतो ते साठवणाऱ्या मोठमोठ्या इमारती राज्यात याव्यात, त्यांना जमीन, वीज, पाणी कसं द्यायचं आणि त्यांच्यावर कुणी लक्ष ठेवायचं, याचा तो कायदा. त्यातली एक इमारत आमच्या सावरखिंडीच्या खालच्या माळावर येणार होती. आतली यंत्रं तापतात, ती गार ठेवायला पाणी लागतं. खंड नऊमध्ये लिहिलं होतं की, सरकारला राज्यातल्या कुठल्याही जलाशयातलं पाणी अशा केंद्रासाठी राखून ठेवता येईल. आमच्या वरच्या अंगाला एकच लहान धरण आहे. सावरखिंड आणि तिच्या सात वाड्या त्यातलंच पाणी पितात.

मी हे आक्काला समजावून सांगितलं तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. “म्हंजे लोकांच्या फोटूंना गार वाटावं म्हणून आमच्या घागरी रिकाम्या?” तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, “तिथंच लिव्हून टाका की, पिण्याच्या पान्याला हात लावायचा न्हाई म्हणून.”

मी ते कायद्याच्या भाषेत लिहिलं. ‘मात्र, ज्या जलाशयावर गावाची पिण्याच्या पाण्याची योजना अवलंबून आहे, अशा जलाशयातून या खंडाखाली पाणी राखून ठेवता येणार नाही.’ नानांनी एक स्वल्पविराम बदलला आणि खाली सही केली. ती सुधारणा छापील यादीत आली. दोन्ही बाजूंच्या वीस-पंचवीस ग्रामीण आमदारांनी नानांना शब्द दिला होता, की तुम्ही मांडा, आम्ही मतदान मागतो. मतदान झालं असतं तर सरकारची पंचाईत होती. गावाच्या पिण्याच्या पाण्याविरुद्ध हात कोण वर करणार?

फक्त सभागृहाचा एक नियम आहे. यादीत नाव छापलेलं असलं तरी अध्यक्ष पुकारतील तेव्हा सदस्यानं जागेवर हजर असून सुधारणा मांडली पाहिजे. तो जागेवर नसला तर ती पडते, दुसऱ्या कुणाला त्याच्या वतीनं मांडता येत नाही. हे मी आक्काला तीन वेळा सांगितलं होतं. म्हणूनच ती आली होती. “आम्ही वर बसलो तर नानांना बी हुरूप ईल,” असं तिचं म्हणणं.

दारावरच्या पोलिसानं पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू काढून घेतले. हौसाबाईनं त्याला बजावलं, “मोजून ठिवा. अकरा हायेत.” मी त्यांना प्रेक्षक गॅलरीत बसवलं, हसायचं नाही, बोलायचं नाही, पुढच्या कठड्यावर हात ठेवायचा नाही, असं सांगितलं आणि खाली लॉबीत आलो. आम्हा सहायकांना सभागृहात प्रवेश नसतो. आम्ही लॉबीतल्या स्पीकरवर कान ठेवून बसतो. आत निरोप पाठवायचा तर चिठ्ठी लिहून पांढऱ्या गणवेशातल्या शिपायाच्या हाती द्यायची, कारण आत फोन लागत नाही.

चर्चा बाराला सुरू झाली. मंत्री म्हणाले, शेजारची राज्यं पायघड्या घालून बसली आहेत, आपण अटी घालत बसलो तर गुंतवणूक दारावरून परत जाईल. विरोधी बाकावरचे एक सदस्य म्हणाले, “एवढी मोठी इमारत, आणि आत माणसं किती? वॉचमन धरून दीडशे!” सत्ताधारी बाकावरून कुणीतरी ओरडलं, “तुम्ही तुमचा मोबाइल बंद करून दाखवा आधी!” हशा झाला. मग विजेवर वाद झाला, मग नियामक मंडळावर किती अधिकारी आणि किती तज्ज्ञ असावेत यावर झाला. सभागृहात मोठ्या रकमांचे आकडे निघाले की सगळे जागे होतात, पाण्याचे निघाले की चहाला उठतात.

दीडच्या सुमारास नाना उभे राहिले. सात मिनिटं बोलले. हातात कागद नव्हता. सावरखिंडीच्या बाया पहाटे कुठून पाणी आणत, धरण झाल्यावर पहिल्यांदा नळ आला तेव्हा शाळेतल्या मुलांनी त्याला हार कसा घातला, हे सगळं ते शांतपणे सांगत गेले. “अध्यक्ष महाराज,” ते शेवटी म्हणाले, “यंत्राला तहान लागली तर सरकार धावतं. माणसाला लागली तर टँकरची निविदा काढतं.” बाकं वाजली. वर गॅलरीत टाळ्या पडल्या आणि लगेच सुरक्षारक्षकाचा दरडावणारा आवाज आला. टाळ्या कुणाच्या होत्या हे मला बघायला जावं लागलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत आक्का मला जिन्यात भेटली. तिचे डोळे चमकत होते.

“झालं का रं?”

“अजून नाही. हे नुसतं भाषण. आता एकेक खंड घेतील. नवव्या खंडाला नाना मांडतील.”

“मास्तर लई ग्वाड बोलले,” हौसाबाई म्हणाली. “माझ्या सासूचं नाव घेतलं त्यांनी. कागुद नसताना.”

“तू ध्यान ठिव,” आक्का मला म्हणाली. “त्यांना चहाबिहाला भाईर जाऊ देऊ नगंस.”

मी बरं म्हणालो.

तीन वाजून दहा मिनिटांनी खंडवार वाचन सुरू झालं. ते फार भराभर होतं. अध्यक्ष म्हणतात, खंड दोन विधेयकाचा भाग होवो, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, आणि ‘होय’ संपायच्या आत खंड तीन आलेला असतो. सहाव्यावर एक सुधारणा होती, ती फेटाळली गेली. तीन वाजून बावीस मिनिटांनी खंड सात आला. मी खिशातून वही काढली, पान फाडलं आणि चिठ्ठी लिहिली. ‘माईंना एकाएकी चक्कर आली. दवाखान्यात नेलं आहे. घरून फोन आहे, ताबडतोब या.’ माई म्हणजे नानांच्या पत्नी. मी घडी घातली आणि दारावरच्या मेश्रामला दिली.

मेश्राम तिथला तीस वर्षांचा जुना शिपाई. नियम त्याला आमदारांपेक्षा जास्त ठाऊक होते. त्यानं चिठ्ठी घेतली, माझ्याकडे बघितलं आणि तिथंच थांबला.

“लहान तोंडी मोठा घास होईल, साहेब,” तो म्हणाला, “पण आता नऊ नंबर येऊन राहिला. नानासाहेबांचा आहे ना तो? पाच मिनिटं थांबा ना जी.”

“घरचं आजारपण आहे.”

“काही गंभीर आहे का, बाप्पा?”

“हो.”

“पाच मिनिटंच म्हणतो मी. मांडून येतील अन् लगेच फोनवर बोलतील.”

आतून ‘होय’चा आवाज आला. खंड सात झाला होता.

“द्या, मेश्राम,” मी म्हणालो.

तो गेला. दाराच्या काचेतून मला दिसलं, नानांनी चिठ्ठी उघडली, वाचली, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि शेजारच्या सदस्याच्या कानात काहीतरी सांगून ते उठले. वर गॅलरीतून बघणाऱ्याला वाटलं असेल की म्हातारा हबकला. ते लॉबीत आले. आम्ही दोघं खिडकीपाशी उभे राहिलो. बाहेर हिरवळीवर एक माळी पाइपनं पाणी घालत होता. नाना त्याच्याकडे बघत राहिले आणि मी स्पीकरकडे.

“खंड नऊ,” अध्यक्ष म्हणाले. “या खंडाला सन्माननीय सदस्य श्री. खताळ यांची सुधारणा आहे. श्री. खताळ.”

कुणीतरी म्हणालं, आत्ता तर इथं होते.

“श्री. खताळ. सन्माननीय सदस्य उपस्थित नाहीत. सुधारणा मांडण्यात आलेली नाही. खंड नऊ विधेयकाचा भाग होवो, अनुकूल असतील त्यांनी…”

‘होय’ आलं. वीस-पंचवीस जण ‘नाही’ म्हणाले असतील, पण मतदान कशावर मागणार? पाण्याची सुधारणा मांडलेलीच नव्हती, आणि नुसत्या खंडावर सरकारचं बहुमत होतं. नानांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मला काही वाटत नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोक समजतात की आत मोठी कालवाकालव झाली असेल.

चारला आक्का आणि बाया जिन्याखाली आल्या. मला वाटलं होतं त्या तुटून पडतील. आक्का थेट नानांपुढं गेली.

“माई कशा हायेत?”

नाना माझ्याकडे वळले. “आता बरं आहे म्हणतात,” मी म्हणालो. “धोका टळला.”

“देव पावला,” आक्का म्हणाली. “हितल्या शिपाईबाबांनी सांगितलं, घरनं वाईट निरोप आला म्हणून. नाना, तुम्ही जिवाला लावून घिऊ नगा. कायदा काय, आज हुकला तर उद्या बगू. माणूस आधी.”

हौसाबाईच्या तर डोळ्यांना पदर लागला होता. नाना एवढंच म्हणाले, “होय, होय.” आणि गाडीकडे चालू लागले. दारावरच्या पोलिसानं लाडू परत दिले. हौसाबाईनं मोजले नाहीत. त्यांतले चार तिनं नानांच्या गाडीत ठेवायला माझ्याकडे दिले, माईंसाठी.

अधिवेशन संपलं, आम्ही तालुक्याला परतलो. आमच्या भागात कुणी दवाखान्यात जाऊन आलं की त्याला बघायला जावं लागतं. आजार सर्दीचा असो की हृदयाचा, विचारपूस चुकत नाही. न जाणाऱ्याचं नाव दहा वर्षं निघतं. मी सावरखिंडीत जन्मलो, नानांनी त्याच गावात बावीस वर्षं शाळा चालवली, आणि आम्हा दोघांनाही हे सुचलं नाही. नियमांचं पुस्तक पाठ असलेली आम्ही दोन शहाणी माणसं.

सोमवारी, बाजाराच्या दिवशी, अकराच्या एस.टी.नं आक्का आली. मी नानांच्या घरातच, पुढच्या खोलीत कार्यालय सांभाळत बसलो होतो. नाना मुंबईला होते. आक्काच्या डोक्यावर पाटी होती. सावरखिंडीनं पाठवलेलं त्यात सगळं होतं. कुणाची गावठी अंडी, कुणाच्या शेवग्याच्या शेंगा, नाचणीचं पीठ, आणि चक्करीवर उगाळून घ्यायची कसलीशी मुळी.

“माई झोपल्यात का?” तिनं हळू आवाजात विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत माईच बाहेर आल्या. पदर खोचलेला, हातात लांब काठीला बांधलेला झाडू, केसांत जळमटं. त्या सकाळपासून शिडीवर चढून माळा झाडत होत्या.

“अगं बाई, कलावती! अशी अवचित? आन् हे काय आणलंस एवढं?”

आक्का बघत राहिली. “तुमची तब्येत…”

“माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?” माई हसल्या. “तीन वर्षांत सुई टोचून घेतली नाही मी.”

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. आमदाराची बायको होत्या त्या, त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. झाडू भिंतीला टेकवून त्या म्हणाल्या, “हां, तशी मध्ये जराशी चक्कर आली होती खरी.” पण ते इतक्या उशिरा आणि इतकं वाईट म्हणाल्या, की त्यांनाच लाज वाटली आणि चहा टाकायच्या निमित्तानं त्या आत गेल्या.

आक्का माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसली. पाटी अजून तिच्या मांडीवर होती.

“जालू, तुला ठावं हुतं?”

“हो.”

“चिठ्ठी आली तवाच?”

“चिठ्ठी मीच लिहिली, आक्का. सकाळी नानांनी सांगितली तशी.”

तिला मी सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळी मंत्र्यांनी नानांना बंगल्यावर बोलावलं होतं. नदीवरचा पूल, ज्यासाठी नाना दोन निवडणुका पायऱ्या झिजवत होते, तो त्या बैठकीत मंजूर झाला. पलीकडची चाळीस गावं पावसाळ्यात तुटतात, तिकडच्या बाळंतिणी होडीत दगावल्या आहेत, हे खोटं नव्हतं. बदल्यात सुधारणा मांडायची नव्हती. मागे घेतली असती तर गावाला कळलं असतं. सकाळी आमदार निवासात तर्री-पोहे खाता खाता नाना मला म्हणाले, “सात झाला की चिठ्ठी पाठव. माईचं आजारपण लिही. मी तुला हुकूम करत नाही, जालिंदर. तुला नको वाटलं तर पाठवू नकोस. मग मी उठणार नाही, जागेवर असेन तर मला मांडावीच लागेल.”

“म्हंजे तुझ्या हातात हुतं,” आक्का म्हणाली.

“हो.”

“मग का धाडलीस?”

याचं उत्तर मी पुढं पुष्कळ तयार केलं. पूल सांगता येतो, नानांचे उपकार सांगता येतात. त्या दिवशी मला एकच खरं उत्तर आलं. “सवयीनं,” मी म्हणालो.

तिनं पाटीतलं एकेक काढून माझ्या टेबलावर ठेवलं, अंडी फुटणार नाहीत अशी फायलींच्या मध्ये. परत काही नेलं नाही. चहाला थांबली नाही.

प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरते. नानांचं पत्र घेऊन मी गेलो होतो. अध्यक्षस्थानी सरपंच म्हणून आक्का होती. झेंडा झाला, आणि हौसाबाईचा दीर रंगराव उभा राहिला.

“तालुक्यात लोक बोलाय लागल्यात,” तो म्हणाला. “नानांची बायको आजारी न्हवतीच म्हणं. फोन बी आला न्हवता. हे खरं आसंल तर आपुन दोन ठराव करू. नानांना अन् ह्या जालिंदरला गावबंदी. अन् धरणासाठी कोर्टात जायचं, ही फसवणूक हाय असं तिथं सांगायचं. सरपंच बघायला गेल्या हुत्या. त्यांनीच सांगावं.”

दीडशे माणसं आक्काकडे बघायला लागली. ती माझ्याकडे बघत नव्हती. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आक्कानं मला वाढवलं, आणि खोटं बोललो म्हणून एकदा दिवसभर उपाशी ठेवलं होतं. तिच्या शब्दावर गावात भांडणं मिटायची.

“व्हय, माई आजारी हुत्या,” ती म्हणाली. “मी माझ्या डोळ्यांनी बघून आले. आंथरुणावर हुत्या.”

रंगराव खाली बसला. हौसाबाई म्हणाली, “मी म्हणतच हुते, मास्तर तसले न्हाईत.” पुढचा विषय शाळेच्या कुंपणाचा होता.

कोर्टाचा ठराव झाला नाही. धरणाचं पाणी पुढच्या वर्षी राखीव झालं, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सावरखिंडीला टँकर लागला. नदीवर पूल झाला. निवडणुकीत सावरखिंडीनं नानांना होती नव्हती ती सगळी मतं दिली. आक्का पुन्हा सरपंचपदाला उभी राहिली नाही. कुणी कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगायची. याला आता आठ वर्षं होतील.

पण त्या दिवशी, सभा संपल्यावर, ती मला म्हणाली, “जेवून जा.” मी तिच्या मागून घरी गेलो. आमच्याकडे बायका पुरुषांना वाढून मग मागून जेवतात, आणि आक्का तर मी घास संपवेपर्यंत ताटापुढून हलायची नाही. त्या दिवशी तिनं दोन ताटं शेजारी शेजारी मांडली, दोन्हींत पिठलं वाढलं, भाकरी ठेवली आणि माझ्या बाजूला येऊन बसली.

“बघतोस काय?” ती म्हणाली. “आता आपुन दोघं एकाच पंगतीतले. जेव.”

मी जेवलो. दोन भाकऱ्या खाल्ल्या.